स्टँडवरची निळी सायकल

"लेकीची सायकल चोरीला गेली," शिंपीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

मास्तरांनी वही उघडली. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर ते खासगी तपास करणाऱ्या बाईंची टिपणं लिहीत. बाईंना उत्तर सापडलं की मग कुठे मास्तरांना प्रश्न कळे.

सात वर्षांपूर्वी घरात कडाक्याचं भांडण झालं. लेक सायकल स्टेशनच्या स्टँडवर लावून, किल्ली आणि तिथला नंबराचा बिल्ला बरोबर घेऊन गाडीत बसली ती गेलीच. शिंपीणबाई दर रविवारी सायकल पुसत, हवा भरत, घंटीला तेल देत. ती आल्यावर चुकामूक नको म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी रेल्वे फाटकापलीकडचं घर सोडलं, स्टेशनसमोर खोली घेतली आणि मशीन खिडकीशी ठेवलं.

"आज कापड आणायला बाजारात गेले, तेवढ्यात सायकल गेली. आता ती आली तर मी वाट बघत होते हे तिला कसं कळणार?"

"तुटलेलं कुलूप सापडलं?" तपास करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

शिंपीणबाईंचा धाकटा भाऊ सायकलचं ते धूड भंगारात द्या म्हणून मागे लागला होता. पण तो सकाळपासून बेकरीत होता, कोपरापर्यंत पिठाने माखलेला.

स्टँडवाला दुपारी एक वाजता जेवायला गेला होता. त्या वेळात रोजची माणसं आपापली सायकल काढून बिल्ला डब्यात टाकतात. त्याची तक्रार वेगळीच होती. "प्लास्टिकचे बिल्ले येऊन पाच वर्षं झाली, तरी कुणीतरी पितळी टाकून गेलंय. थट्टा, दुसरं काय?"

जिन्याखालच्या दुरुस्तीवाल्याने निळ्या सायकलला हातही लावला नव्हता. दुपारी एका बाईने कडेवरच्या पोरासाठी दांड्यावरची छोटी सीट घेतली होती. बसवून देतो म्हटलं, तर ती म्हणाली, सायकल इथे नाही, पाना तेवढा द्या. पाना तिने लगेच परत आणून दिला.

"हवा भरायचा पंप मागितला?" बाईंनी विचारलं.

"नाही."

मास्तरांनी 'पाना' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली. बाईंनी सगळ्यांना स्टँडवर बोलावलं.

"चोर बिल्ला परत करत नाही," त्या म्हणाल्या. "पितळी बिल्ला म्हणजे सायकल पाच वर्षांच्या आधी लावलेली. अशा किती होत्या?"

"ही एकच," स्टँडवाला ओशाळला.

"कुलूप तुटलं नाही, किल्लीने उघडलं. आणि किल्ली लेकीकडेच होती."

शिंपीणबाईंनी खांबाला धरलं.

"आणि ती सीट?" मास्तर.

"तुम्ही आजी झालात, शिंपीणबाई. आणि सात वर्षं उभ्या असलेल्या सायकलमध्ये तिला हवा भरावी लागली नाही. टायर हाताने दाबून बघितलं असेल ना तिने? तुम्ही वाट बघत होता हे तिला तिथेच कळलं."

"मग ती आली का नाही माझ्याकडे?"

"गेली ना. तुमच्या जुन्या घरी."

शिंपीणबाई पायातल्या चपला निसटल्या तरी न थांबता निघाल्या. मास्तर मागोमाग त्या हातात घेऊन.

फाटक पडलेलं होतं. समोरून गाडी धडधडत गेली, डब्यामागून डबा, संपता संपेना. शेवटचा डबा पुढे सरकायच्या आतच पलीकडून घंटी वाजली. कुणी लहान हात वाजवावी तशी, पुन्हा पुन्हा.

"रविवारीच तेल दिलं होतं," शिंपीणबाई म्हणाल्या.