न मोजलेली माणसं

“थांबा! तुम्ही दहावे.”

संभाजीनगरात, शहागंजच्या टॉवरखाली अमृतानं एका उंच तरुणाची वाट अडवली. संख्याशास्त्राच्या सरांनी वर्गाला बाजारात पिटाळलं होतं. फळ्यावरची संभाव्यता पुरे झाली, आता माणसांत जा, जो प्रश्न विचारावासा वाटेल तो विचारा. दर दहावा माणूस गाठायचा. ओळखीचा, गोड चेहऱ्याचा, असं निवडायचं नाही.

हा दहावा मात्र गोड चेहऱ्याचा निघाला. त्याच्या हातात आईची फॉल-पिको केलेली साडी होती.

“इचारा,” तो हसला.

“जातीबाहेरच्या कुणावर तुमचा जीव जडलाय का?”

त्याचं हसू तिथंच थबकलं. अमृताच्या वर्गातल्या मैत्रिणींनी पसंतीचा साबण अन् आवडता हिरो असले प्रश्न घेतले होते. हिनं मुद्दाम हाच घेतला होता.

“भर बाजारात खरं कोण सांगंल, बाई?”

“म्हणून तर नाणं आहे. पाठ फिरवून उडवा. छापा पडला तर सरळ ‘हो’ म्हणा. काटा पडला तर खरं काय ते सांगा. मला नाणं दाखवायचं नाय.”

“मग तुम्हाला कळणार कसं?”

“एकट्याचं नाय कळत. पुष्कळांचं कळतं. शंभरातले पन्नास ‘हो’ नाण्याचे. त्याच्यावर जेवढे येतील, तेवढे काळजातले.”

त्यानं पाठ फिरवली, नाणं उडवलं. वळला तेव्हा डोळे मिश्कील झाले होते.

“हो.”

छाप्याचं की काळजातलं...? अमृताला उगीचच चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दहावा आला.

“हे कसं काय?”

“पलीकडं उभा राहून मोजत होतो,” तो म्हणाला. “नऊ गेले की निघालो.”

“असा घुसलेला माणूस चालत नाय. नमुना बिघडतो.”

“बिघडू द्या की... जरासा.”

त्याचं नाव इंद्रजीत. गंगापूरच्या ऊसवाल्या, तालुक्याचे तंटे मिटवणाऱ्या आप्पासाहेबांचा मुलगा, वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला. खोक्यातले चार नग तपासायचे अन् अख्खं खोकं पास करायचं, हे त्याचं काम.

“वरवरचेच काढतोस ना?” तिनं एकदा चहा पिताना चिडवलं. तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. “तळात हात घालत जा. गंमत तिथं असते.”

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी तो अडखळत म्हणाला, “अमृता... त्या दिवशी छापा पडला होता.”

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे ते ‘हो’ नाण्याचं?”

“त्या दिवशी नाण्याचं. आज इचार.”

तिनं विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

“हो,” तो म्हणाला. “लई हो.”

“माझंही,” ती म्हणाली. “पण ऐक... लपून नाय, पळून नाय. तुझ्या घरी दारातून येणार मी.”

इंद्रजीतच्या घरी जायला निघताना तिच्या आईनं, कडूबाईनं, एवढंच बजावलं, “जा. पण मान खाली घालून बसू नको.”

गंगापूरच्या बैठकीत अमृता ताठ बसली. आप्पासाहेब रागावले नाहीत. तेच जास्त जड गेलं.

“पोरी, तू हुशार हायेस. पण जातीबाहेरची असली लग्नं टिकत नाहीत. उभ्या तालुक्यातली बघितलीत मी. सगळी मोडली.”

“मोडलेलीच तुमच्या ओट्यावर येतात, आप्पासाहेब. न्याय मागायला. जी सुखानं नांदतात, ती कशाला येतील? तुम्ही ती मोजलीच नाहीत.”

आप्पासाहेबांचा चेहरा काळवंडला.

“कुठं हायेत ती? एक दाखव!”

ह्या घराला पटेल असं एकही नाव अमृताजवळ नव्हतं.

“लक्ष्मी.”

आवाज आतल्या दारातून आला. इंद्रजीतची आई, द्वारकाबाई, उंबऱ्यात उभी होती.

“तुमची सख्खी बहीण. धम्मपालशी लगीन केलं म्हणून तुम्ही तिचं नाव टाकलं. संभाजीनगरातच हाय ती. नवरा जीव लावतो, लेक कॉलेजात शिकवती. मी भेटते तिला. तुम्ही कधी इचारलं नाय, म्हणून मी सांगितलं नाय.”

“आई, मलाही नाय सांगितलंस?” इंद्रजीत पुटपुटला.

आप्पासाहेब उठले. खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

“सुखात हाय?”

“व्हय.”

अमृता उठली. “आज उत्तर नका देऊ. पण मी परत येणार. नाय म्हणालात तरी येणार.”

ते न वळताच म्हणाले, “येशील तव्हा... लक्ष्मीला संगं आण.”

द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला.

दोघं चालत जीपच्या अड्ड्याकडं निघाले. चहाच्या हॉटेलापुढं आप्पासाहेबांच्या ओळखीचे चार जण बसले होते. त्यांना पाहून इंद्रजीतचा हात तिच्या हातापर्यंत आला... अन् घुटमळला.

अमृतानंच तो घट्ट धरला.

“बघायलेत सगळे,” तो कुजबुजला.

“बघू दे,” ती म्हणाली, अन् भर रस्त्यातून हसत चालू लागली.