निळ्या क्रूसाजवळचे पाच ठोके

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासोबत घडलंय. पदरचं मी काही घालत नाही.

१९९८. पवित्र आठवड्यातला बुधवार, दुपारचे चार. माल्त्राताचा घाट.

हा माझा मेहुणा हिलारियो संत्र्यांचा ट्रक घेऊन पुएब्ला शहराकडे चढत होता. शेजारी धाकटा भाऊ नाबोर. ईस्टरनंतर त्याचं लग्न होतं. निघताना आईने दोघांच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला आणि हिलारियोला बजावलं, "त्याला धडधाकट परत आण."

घाटात धुकं उतरलं होतं.

वरच्या वळणावर एक निळा क्रूस आहे. तिथे मेलेल्या ड्रायव्हरला सगळे एक लांब हॉर्न देतात. रीतच आहे ती. तो कसा मेला, तेही सगळ्यांना ठाऊक.

हॉर्नचे सात ठोके. आधी पाच, जरा थांबायचं, मग दोन. सर्कशीत विदूषक वाजवतो तेव्हा पोरं खिदळतात. पण आमच्या रस्त्यावर ती आईवरून शिवी आहे. कुणीतरी ती त्या ड्रायव्हरला दिली. तो चाकाचा पाना घेऊन उतरला, समोरच्याने तो हिसकावला आणि त्याच पान्याने ड्रायव्हरचंच डोकं फोडलं.

दोन घावांत.

क्रूस दिसला तसा नाबोरने हात लांबवून हॉर्न दाबला. पाच ठोके.

हिलारियोने त्याचं मनगट धरलं. "मेलेल्याची आई काढतोस?"

"पाचच वाजवले, दादा. शिवी पुरी कुठे झाली?"

तेवढ्यात धुक्यातून...

दोन ठोके.

मागे गाडी नव्हती. पुढेही नव्हती. आणि इंजिन बंद पडलं.

मग ट्रकच्या पत्र्यावर लोखंड वाजू लागलं. मागून पुढे... टण्... टणटण... टण्... टण्.

पाच.

हिलारियोने सीटखाली हात घातला. पाना जागेवर नव्हता. सकाळी त्यानेच तो तिथे ठेवला होता.

नाबोर पांढराफटक पडला होता. "मी माफी मागतो," म्हणाला आणि हिलारियो अडवेपर्यंत त्याने काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"चुकलो, मालक..."

पुढचे दोन घाव हिलारियोने ऐकले. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसे. त्याने शर्टाला धरून भावाला आत ओढलं तेव्हा कवटी एका बाजूने खचली होती. रक्त काचेवर, गिअरवर, पाठच्या संत्र्याच्या पेटीवर.

पोलिसांना पाना सीटखालीच सापडला. केस चिकटलेला. ट्रकमध्ये दोघंच होते. हिलारियोने चौदा महिने तुरुंगात काढले.

नाबोर जगला, पण बोलत नाही. लग्न मोडलं.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. हिलारियो भावाला घास भरवत होता. माझ्या भाचीने खेळता खेळता टेबलावर बोटांनी पाच ठोके मारले...

नाबोरने मिरच्या वाटायचा वरवंटा उचलला.

एक. दोन. दोन्ही हिलारियोच्या पंजावर. हाडं मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

नाबोरच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. जणू हात त्याचा नव्हताच.

त्यांच्या म्हाताऱ्या आईने शांतपणे वरवंटा काढून घेतला.

"परत आणलास खरा," ती हिलारियोला म्हणाली. "पण बरोबर कुणाला आणलंस?"

तेव्हापासून दार वाजलं की मी आधी ठोके मोजतो, मगच उठतो.