राजकुमारच्या नावाचं पाकीट

दसऱ्याच्या सुट्टीत आलेल्या मामेबहिणीला, रश्मीला घेऊन मयूरी शेताकडे निघाली होती, तेवढ्यात पोस्टमन दारात थांबला. पाकिटावर नाव होतं राजकुमार नागोराव. मयूरीचा दादा. मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, त्याला दोन वर्षं झाली होती.

आई, रेणुकाबाई, पाकीट घेऊन उंबऱ्यातच बसली. आत पॅन कार्ड होतं. नाव दादाचं, जन्मतारीख दादाची, पण फोटो कुणा मिशीवाल्या परक्या माणसाचा. आईनं तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि कार्ड मयूरीकडे दिलं.

दादा गेल्यापासून घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. बाबा कापसाच्या शेतातच रमत, आई भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि मयूरी शाळेतून आली की अंगणात एकटीच बसे. म्हणून तर मामानं यंदा रश्मीला आदिलाबादहून धाडलं होतं.

"हा माणूस दादाच्या नावानं सिम घेईल, बँकेत खातं उघडेल," रश्मी म्हणाली. "गुन्हा तो करेल आणि पोलीस येतील तुमच्या दारात."

पण दादाचे कागद त्याच्याकडे गेले कसे? संध्याकाळी मयूरीनं बाबांना विचारलं. नागोरावांनी हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाले, मृत्यूच्या दाखल्यासाठी ते भीमपूरच्या ऑनलाइन सेंटरवर गेले होते. दादाची फाईल तिथंच राहिली. आधार, दहावीची गुणपत्रिका, सगळं.

"परत जाऊन आनायला पायच उचलले नाही, बेटा."

मयूरी त्यांच्याजवळ सरकून बसली. एवढी वाक्यं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलींनी बेत सांगितला. कार्ड आधारवरच्या पत्त्यावर आलं, म्हणजे फाईल हाती लागलेला तो माणूस सेंटरच्या आसपासच त्याची वाट बघत असणार. कार्ड काढून घेऊन पाकिटात कोरा कागद घालून त्यांनी ते पुन्हा चिकटवलं. नागोराव गावच्या सरपंच जयवंताबाईंना घेऊन आले आणि सगळे भीमपूरच्या त्याच सेंटरवर गेले.

सेंटरचा मालक चहाला गेला होता. कॉम्प्युटरसमोर त्याचा नोकर बसला होता. त्याला पाहताच मयूरीनं बाबांना खूण केली. तीच मिशी! नागोराव आणि जयवंताबाई झेरॉक्सच्या रांगेत उभे राहिले. रश्मी मागच्या गल्लीत गेली.

"हे पाकीट आमच्याकडं आलं," मयूरी म्हणाली. "राजकुमार तुमीच काय?"

"हो, मीच. दे इकडं." त्यानं हात पुढं केला.

पाकीट तिच्या हातातून सुटेना. "राजकुमार माझा दादा आहे," ती म्हणाली. "तो वारला."

तो माणूस मागच्या दाराकडे धावला, पण रश्मीनं बाहेरून कडी घातली होती. वळून पाहतो तर समोर नागोराव.

जयवंताबाईंनी फोन केला आणि पोलीस आले. टेबलाखालच्या खोक्यात दादाची फाईल सापडली आणि गावोगावच्या लोकांच्या आधारच्या प्रतीही. मालकानं दोन वर्षं ते खोकं उघडंच ठेवलं होतं. पोलिसांनी दोघींची पाठ थोपटली. जयवंताबाईंनी ग्रामसभेत मयूरीलाच बोलायला उभं केलं. ती म्हणाली, प्रत देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहा, मूळ कागद परत मागून घ्या, आणि गेलेल्या माणसाचा आधार बंद करा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानं ऐकायला हवं होतं, असं तिला वाटलं.

त्याचा आधार अजून चालूच होता. आईनं तो कधी बंद करू दिला नव्हता. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "चला." आदिलाबादच्या आधार कचेरीत तिनं अर्जावर सही केली आणि विचारलं, "आता त्याच्या नावानं काहीच येनार नाही?"

"नाही, अम्मा," कारकून म्हणाला.

रश्मीला घरी सोडून मायलेकी बसस्टँडवर आल्या. बसला तास होता. आई बाकावर बसली, मयूरीचा हात तिनं मांडीवर घेतला.

"राजू लहान होता ना," ती म्हणाली, "तवा बसमध्ये खिडकीसाठी लय रडे."

मयूरी हलली नाही. "मग?" तिनं विचारलं.

आई सांगत गेली.