शेवटच्या बाकापर्यंत

सोमवारी दुपारी घशाच्या डॉक्टरांनी तिला पडद्यावर तिच्याच स्वरतंतूंवरची गाठ दाखवली. म्हणाले, "काढावी लागेल. आवाज पूर्वीसारखा परत येईलच, असं मी सांगत नाही. तोवर ओरडायचं नाही. शक्यतो बोलायचंच नाही."

चौथीच्या बाईने बोलायचं नाही! एरवी ती हसली असती. वर्गात बेचाळीस मुलं, आणि मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, कडक स्वभावाच्या. खेळाच्या सरांचे गुडघे धरले तेव्हा त्यांना मोठ्या बाईंनी महिनाभरासाठी कार्यालयात बसवलं होतं. दोन वर्षं झाली, सर अजून फायलीच लावत होते. तिने ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. शाळेत नाही, आणि घरी दादा-वहिनींनाही नाही.

शाळेत परतली तेव्हा मुलं गेली होती. तिच्या वर्गात स्टुलावर उभा राहून एकजण भिंत मोजत होता.

"टेप त्या कोपऱ्यापर्यंत ओढून धरा जरा," तो मागे न बघताच म्हणाला. तिने धरली. "किती भरलं?"

ती गप्प.

"अहो काका, झोपलात काय? किती भरलं?"

तरी उत्तर नाही म्हणून तो वळला आणि स्टुलावरून पडता पडता राहिला. "बाई! मला वाटलं शिपाईकाका... माफ करा. रागावलात?"

तिने मान हलवली आणि बोटांनी आकडा दाखवला. तिला हसू येत होतं, म्हणून ती खिडकीकडे बघू लागली.

तो यंत्रं बसवणारा कारागीर होता. आठवडाभर वापरून बघायला तीन वस्तू आल्या होत्या : बोटाने चालणारा मोठा पडदा, खाली ठेवलेला कागद भिंतीवर मोठा करून दाखवणारा कॅमेरा, आणि कॉलरला लावायचा छोटा माईक. वर्गाला एकच मिळणार होती. कोणती कामाची, हे शुक्रवारी तिने सांगायचं होतं. माईक बघताच तिचा जीव त्याच्यात अडकला. पण माईक मागितला की कारण विचारणार. कारण सांगितलं की वर्ग गेला.

दिवसभर ती फळ्यावर लिहून आणि खुणा करून वर्ग निभावायची. रोज शाळा सुटल्यावर तो यायचा. मोठा पडदा त्याने लावला, तर खिडकीतलं ऊन थेट त्यावर. आकडे दिसेनात, त्या दोघांचे चेहरे मात्र लख्ख.

"दुपारनंतर यात एवढंच दिसणार," तो म्हणाला. काचेतल्या तिच्याकडे बघतच म्हणाला. मग गडबडून खाली बघू लागला.

"आपल्याच मालाला नावं ठेवता?" ती कुजबुजली.

"विकणारा वेगळा आहे. मी नुसता बसवतो... आणि तुम्ही अशा हळू का बोलता? कोणी ऐकतंय का?"

ती घाईने फळा पुसायला वळली. "सवय आहे," ती म्हणाली.

गुरुवारी तो शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसला. "आधी माईकशिवाय वाचा काहीतरी. मी आज विद्यार्थी."

तिने धडा वाचला. अर्ध्यातच त्याचा चेहरा बदलला.

"बाई... इथपर्यंत काहीच येत नाही. काय झालंय?"

आता खोटं बोलायलाही आवाज लागणार होता. तिने समोरची वही ओढली आणि घाईघाईने लिहिलं : 'घशात गाठ आहे. आवाज जाईल कदाचित. कोणाला सांगू नका.'

वही कॅमेऱ्याखालीच होती, आणि कॅमेरा चालू होता. तिची पाठ भिंतीकडे. त्याची नजर कुठे गेली म्हणून ती वळली, तर तिचं गुपित हातभर अक्षरांत भिंतीवर पसरलेलं.

आणि बाहेर मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या.

ती जागीच थिजली. तो बाकांमधून धडपडत आला आणि त्याने पंजाच वहीवर ठेवला. भिंतभर एक पालथा हात उमटला.

"हे काय चाललंय?" मोठ्या बाई दारातून म्हणाल्या.

"रंग तपासतोय, बाई."

"मग हात धुवून तपासा! नखं बघा केवढी दिसतायत!"

त्या गेल्या. त्याने हात उचलला नाही. तिची बोटंही त्या हाताखाली अडकली होती, आणि हे भिंतीवर स्पष्ट दिसत होतं.

"बंद करू?" त्याने विचारलं.

"करा," ती म्हणाली. बटणाकडे मात्र कोणाचाच हात गेला नाही.

शुक्रवारी शिक्षकांच्या खोलीत सगळे जमले. गणिताचे सर म्हणाले, "मोठा पडदाच घ्या. आल्यागेल्याच्या डोळ्यांत भरेल." मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तो दाराशी वायरी गुंडाळत होता. तो काही बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच आता तिलाच बोलायचं होतं. ती उभी राहिली.

"पडदा उन्हात दिसत नाही. मला माईक हवा."

"कशाला? वर्ग आहे की मैदान?"

"मागच्या बाकापर्यंत माझा आवाज जात नाही. गाठ आहे, ऑपरेशन आहे. पुढे आवाज राहील की नाही, माहीत नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आठवडाभर तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता, मला वाटलं रुसलात," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत, "माईक मागवते. परीक्षेपर्यंत वर्ग तुमचाच. पुढचं आज सांगता येणार नाही मला."

ती जिना उतरत असताना तो मागून आला.

"तुम्ही बोलू नका, मीच बोलतो. मला... म्हणजे लग्नाचं विचारायचं होतं. विचारायला उशीर नको, असं वाटलं."

"कीव नको मला."

"कीव कसली? कालपासून हे वाक्य पाठ करतोय मी."

"आणि आवाज आलाच नाही तर?"

तो एक पायरी उतरून तिच्या बरोबरीला आला. "भीती मलाही वाटते. नाही वाटत म्हणालो तर खोटं होईल. पण तुम्ही वहीत लिहाल, आणि मी वाचेन."

ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"माईक बसवा आधी," ती म्हणाली, आणि तो हसला, कारण मघाचं 'हो' त्याला ऐकू आलं होतं.

शनिवारी दवाखान्यातून कागद मिळाला. ऑपरेशनची तारीख पुढच्या बुधवारची होती. त्यात सोबत कोण येणार, त्या माणसाचं नाव आणि नातं लिहायची जागा होती. ती जागा अजून रिकामी आहे. घरी दादा-वहिनींना तिने अजून काहीच सांगितलेलं नाही, गाठीचंही नाही आणि त्याचंही नाही.