चेंबरचं पॅकिंग

गाडीखाली आडवी पडले होते, त्यामुळे मला आधी त्याचे बूट दिसले. मग बुटांशेजारी दोन रिकामे खोके टेकले.

"नमस्कार. मी वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट. तुमच्या आई काल म्हणाल्या, आज तुमचं पॅकिंग आहे. म्हटलं, हातभार लावावा."

मी पाना घेऊन सरकत बाहेर आले.

"ट्रक कधी येणार?" त्यानं विचारलं.

"कसला ट्रक?"

"सामान न्यायला. तुम्ही घर सोडताय ना?"

मला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून असं पोटातून हसले नव्हते. "अहो, ऑइल चेंबरचं पॅकिंग. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, ते चेंबर. त्याच्या नि इंजिनाच्या मध्ये ही पट्टी असते. ती खराब झाली की तेल गळतं."

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही कुठेही जात नाही."

"नाही."

"बरं झालं... कालपासून उगीच वाईट वाटून घेत होतो."

"आपली तर ओळखही नाही."

"त्याचंच वाईट वाटत होतं."

मी घाईघाईनं पुन्हा गाडीखाली गेले.

गाडी बाबांची होती. रोज सकाळी फरशीवरचा तेलाचा डाग पुसताना आईचे डोळे भरून यायचे. शेवटी ती म्हणाली होती, "तू दुरुस्त करून बघ. पण सकाळी खाली एक थेंब जरी दिसला, तरी गाडी विकायची. मला हे रोज पुसवत नाही." तिचं चूक नव्हतं. पण बाबांच्या हाताखाली मी सगळं शिकले होते ते याच गाडीवर, आणि ती दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहिलेली मला बघवली नसती.

तो गेला नाही. बाह्या दुमडून त्यानं एक खोका फाडला, जमिनीवर अंथरला आणि टॉर्च धरून माझ्या शेजारी आडवा झाला.

"आ करा म्हणू का?"

"इंजिनाला म्हणा. प्रकाश जरा डावीकडे."

जुनं तेल टबात काढलं, बोल्ट सैल केले. रबरी हातोडीनं टकटक केल्यावर चेंबर सुटून हातात आलं. पॅकिंग चेंगरून चिरलं होतं. हे बाबांचंच काम. पाना फिरवताना ते नेहमी म्हणायचे, "अजून थोडं..." आणि त्या अजून थोड्यानंच पॅकिंगचा जीव जायचा. वर भरवसा नको म्हणून चारही बाजूंनी गळती बुजवायचं सिलिकॉन थापलेलं.

मी पत्र्याचा तुकडा घेऊन ते खरवडायला लागले आणि थांबले. एका कोपऱ्यात सिलिकॉन बाहेर आलं होतं, बोटानं दाबून बसवलेलं. अंगठ्याचा ठसा, एकेक रेष स्पष्ट.

"काय झालं?"

"बाबा," एवढंच म्हणता आलं. खरवडलं नाही तर तेल गळणार होतं. आणि हात उचलत नव्हता.

त्यानं ठसा बघितला. तसाच वर गेला आणि दातांवरचं किटण काढायची बारीक हत्यारं घेऊन आला. कितीतरी वेळ तो कडेकडेनं टोक सरकवत राहिला, जबडा घट्ट, श्वास जपून. मग तो कोपरा अख्खा सुटला. तो त्यानं माझ्या तेलकट तळव्यावर ठेवला.

"बाकीचं खरवडा आता," तो हळूच म्हणाला.

मला आभार मानायचे होते. त्याऐवजी मी म्हणाले, "नाकाला तेल लागलंय तुमच्या."

"माहितीये. तुम्ही सांगाल म्हणून पुसलं नाही."

नवं पॅकिंग कोरडंच, सिलिकॉनशिवाय बसवलं. बोल्ट मधून सुरू करून समोरासमोर आवळले, बेतानं. हात सवयीनं अजून थोडं फिरायला गेला... तो म्हणाला, "दातांच्या तारांनासुद्धा एवढं पुरतं." मी पाना खाली ठेवला. नवं तेल भरलं, इंजिन चालवून बंद केलं आणि दुसरा खोका सपाट करून खाली सरकवला. सरकवताना त्याला आईची थेंबाची अट सांगितली.

सकाळी मी खाली आले, तर तो आधीच गाडीशी वाकलेला. हातात कापसाचा बोळा.

"काय करतोयस इथे?" तोंडून एकेरी निघून गेलं. दोघांनाही ते ऐकू आलं.

"थेंब दिसला असता तर... काकू यायच्या आत पुसणार होतो." तो सरळ उभा राहिला. "एरवी मी प्रामाणिक माणूस आहे."

"दिसला?"

"एकही नाही."

मग मात्र मी आभार मानले. गाडीसाठी, त्या ठशासाठी, आणि पुसायला आल्याबद्दल सगळ्यात जास्त. "अशी लबाडी माझ्यासाठी कुणी केली नव्हती."

"मग रोज करू दे," तो म्हणाला. "मला तू आवडतेस."

"मलाही," मी म्हणाले, आणि मागून आईच्या चपला वाजल्या.

आईनं वाकून पुठ्ठा पाहिला. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग दार उघडून पुढे, तिच्या नेहमीच्या जागी बसली. "चल, एक चक्कर मारून आण मला. डॉक्टर, तुम्ही मागे बसा. तो कापूस टाका आधी."

आरसा बाबांच्या उंचीचा होता. मी तो जरा खाली वळवला, आणखी जरा... मागची सीट नीट दिसेपर्यंत.

"आरसा रस्ता बघायला असतो," समोर बघतच आई म्हणाली.

मी गाडी सुरू केली.