चौकटीबाहेरचा पुंजका

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिपकी म्हणत. नाव थोरल्या बहिणीनं, ताईनंच पाडलेलं. दिवसभर पडद्यावरचे ठिपके मोजते आणि वर पगारही घेते, असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची.

काम होतंच तसं. रक्ताला चमकणारे रंग लावले की पांढऱ्या पेशी एकामागून एक प्रकाशाच्या तिरिपेसमोरून सरकतात आणि पडद्यावर प्रत्येकीचा ठिपका उमटतो. एका जातीचे ठिपके एका जागी दाटतात. त्यांच्याभोवती चौकट आखायची, आतले मोजायचे. बाहेर उरतो तो कचरा. मेलेल्या पेशी, धूळ. त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

मग ताईला ताप आला आणि काही केल्या उतरेना. तिचं रक्त ठिपकीच्याच टेबलावर आलं. पेशी सगळ्याच्या सगळ्या चवताळलेल्या, घरात चोर शिरावा तशा. चोर मात्र सापडत नव्हता; एकही जंतू नाही. डॉक्टरांनी ठिपकीला बाजूला घेऊन समजावलं. शरीर स्वतःवरच उलटलं असेल, तर या पेशींना झोपवायचं औषध आहे, ताई वाचेल. पण खरंच बाहेरचं काही असेल, तर आपणच पहारा उठवल्यासारखं होईल.

"नीट बघ," ते म्हणाले. "काही राहून जायला नको."

राहिलं होतं. चौकटीबाहेर, पार खालच्या कोपऱ्यात, एक फिकट पुंजका. धूळ असणार. ठिपकीनं यंत्र धुतलं, तुलनेला स्वतःचं रक्त लावलं. कोपरा स्वच्छ. ताईचं पुन्हा लावलं. पुंजका होता, आणि चौकटीच्या जरा जवळ सरकला होता.

वॉर्डात ताईचे ओठ तापानं फुटले होते.

"ठिपके, डोळे मिटले की दाराशी कोणीतरी उभं असतं गं."

"कोण?"

"काय माहीत. ठोठावत नाही, बोलत नाही. नुसतं थांबतं."

ठिपकीनं कपाळावरची ओली पट्टी बदलली. तापात माणूस काहीबाही बरळतंच, असं तिनं मनाला बजावलं.

बाहेरचं काही आहे म्हणावं, तर औषध मिळणार नाही. आणि ताई तर डोळ्यांदेखत विझत चाललेली. पुढच्या तपासणीत पुंजका चौकटीला टेकला होता. ठिपकीनं देवाचं नाव घेतलं, चौकट थोडी आत ओढली आणि डॉक्टरांना सांगितलं, काही राहिलेलं नाही.

औषध सुरू झालं. ताप उतरला. ताई जेवू लागली, स्वतःच्या पायांनी घरी गेली. भावोजींना ठिपकीचे आभार कसे मानावेत ते कळेना. एवढंच, की ताई आता तिची चेष्टा करत नव्हती. काही बोललं की हसायची, तेही जरा उशिरा.

ताईचं पुढचं रक्त आलं, ते ठिपकीनं सकाळीच लावलं.

पेशी शांत. कोपरा स्वच्छ. बाहेर पुंजका कुठेच नाही.

चौकटीच्या आत मात्र ठिपके जरा जास्तच भरले होते.

नेहमीसारखं तुलनेला तिनं स्वतःचं रक्त लावलं. पडदा उजळला. पेशी सगळ्याच्या सगळ्या चवताळलेल्या.

तिनं मान वर केली. काचेच्या दारापलीकडे ताई उभी होती. ठोठावत नव्हती, बोलत नव्हती.

ठिपकीनं स्वतःच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. कपाळ तापलं होतं.