मुग्धाला कॉफी चालेना

बेंगळुरात इंदिरानगरातल्या त्या इमारतीचा जिना मुग्धा चढत होती आणि तिचा नवराही चढत होता... एकमेकांना चोरून. पहिल्या मजल्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि मुग्धाची पर्स खाली पडली. मालोजीनं ती उचलली, “सॉरी” म्हटलं आणि मग वर पाहिलं.

“तू... ऑफिसात होतीस ना?”

“आणि तू दुकानात.”

बोलता बोलता मुग्धा एक पायरी मागं सरली आणि ओढणी तिच्या नाकाशी गेली. ते मालोजीनं पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुग्धा इथल्या शिवाजीनगरात त्याच्या कॉफीच्या दुकानात शिरली होती. इथं मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मैत्रिणीला म्हणाली, “नाक बघ या माणसाचं, कसं तरतरीत आहे.” काउंटरमागून उत्तर आलं, “ह्या नाकावरच आमचं पोट चालतं, अक्का. स्वल्प जपून बोला.” त्याच्या घराण्याला बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली होती! मुग्धाला तोंड लपवायला जागा उरली नाही. मग काय, चहाबाज पुणेकरीण दर शनिवारी कॉफी घेऊ लागली आणि वर्षभरात अव्वांची, म्हणजे त्याच्या आईची, सून झाली. भाजलेल्या बियांचा वास मालोजीच्या शर्टाला, केसांना, बोटांना कायमचा चिकटलेला. तो घरी आला, की ती त्याच्या खांद्यात नाक खुपसून उभी राहायची.

पण गेले काही दिवस त्याच वासानं तिच्या पोटात ढवळत होतं. त्यानं जवळ यावं आणि हिनं खिडकीशी पळावं. त्याचं कारण तिला उमगलं होतं. पाळी चुकली होती. सकाळी दात घासताना उमासे येत, ऑफिसच्या बसमध्ये बसल्या जागी डोळा लागे, छाती हुळहुळी झाली होती, उगाचच रडू येई आणि लगेच हसूही. एसटीडी बूथवरून आईला विचारलं, तर आई म्हणाली, “डॉक्टर सांगेपर्यंत कुणापाशी बोलू नकोस हं, जावईबापूंपाशीही नाही. दृष्ट लागते.” एरवी आईचं एक न ऐकणाऱ्या मुग्धानं नेमकं हेच ऐकलं.

“कुठं निघाला होतास?” तिनं विचारलं.

“तिसऱ्या मजल्यावर. विश्वेश्वर म्हणून आहेत, कॉम्प्युटर क्लासवाले. त्यांना आपल्या दुकानाची जागा पाहिजे. आज सही करून टाकतो.”

“आजोबांचं दुकान?”

“मग काय करू, तूच सांग. मी आलो की तू नाक धरतेस. साबण बदलला, दुकानातून आंघोळ करून आलो, तरी तू आपली खिडकीशी. तू इंजिनियर... कॉफीवाल्याशी लग्न केल्याचं तुला आता...” तो थांबला. “दुकान गेलेलं चालेल मला, मुग्धा. तू गेलेली चालायची नाही.”

मुग्धाचे डोळे भरून आले. किती वेडा हा माणूस, आणि किती आपला. आईला दिलेला शब्द तिनं त्या जिन्यातच सोडून दिला.

“तुझा वास नकोसा नाही झाला रे. सगळेच वास नकोसे झालेत. फोडणीचा, रिक्षाच्या धुराचा... उदबत्तीचासुद्धा.”

“बरं...”

“सकाळी मळमळतं. सारखी झोप येते. अव्वांच्या बरणीतलं लोणचं मी नुसतंच खाते.”

“ते तू होय? अव्वा उंदराला शिव्या घालतेय.”

“आणि... पाळी येऊन दीड महिना होऊन गेला, मालोजी.”

त्यानं जिन्याचा कठडा घट्ट धरला. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

“अगं, दुकानात आम्ही गिऱ्हाइकांवरून ओळखतो हे. एखाद्या घरची कॉफी एकाएकी कमी झाली, की आमचे अण्णा म्हणायचे, त्या घरची सून गरोदर आहे. गल्लीतल्या यल्लव्वाच्या सुनेचं तर परवा मीच सांगितलं...”

“आणि घरात?”

“घरात...” तो ओशाळून हसला. “घरची कॉफी कमी झाली, तर मला वाटलं, हिचं प्रेमच कमी झालं.”

“दिव्याखाली अंधार,” मुग्धा म्हणाली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. “चल ना आत, डॉक्टरबाईंकडं. अजून नक्की कुठं झालंय?”

दवाखान्यात तो तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला आणि समोरच्या अनोळखी बायकांकडं बघून उगाच हसत राहिला. आत डॉक्टरबाईंनी तपासणीची पट्टी टेबलावर ठेवली. एक रेघ आली. मुग्धानं श्वास रोखला, मालोजीनं डोळे मिटून घेतले... आणि दुसरी रेघही हळूहळू उमटली.

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या. “मळमळ अजून महिना-दीड महिना राहील. ज्या वासानं त्रास होतो, त्यापासून लांब राहा.”

दोघं बाहेर आले, तर विश्वेश्वर वरच्या कठड्यावरून वाकून विचारत होते, येताय ना?

“नाही सार. दुकान द्यायचं नाही आता.”

का, म्हणून त्यांनी विचारलं. “असंच,” मालोजी म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यानं सगळं सांगून टाकलं होतं.

जिना उतरताना तो मुद्दाम तीन पायऱ्या पुढं राहिला. “लांब राहायला सांगितलंय ना. सरी, चालेल... दीड महिना मी दुकानातच झोपतो.”

“थांब तिथंच.”

तो थांबला. मुग्धानं ओढणी नाकातोंडावरून दोनदा गुंडाळली, तीन पायऱ्या उतरली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“कसं वाटतंय?” त्यानं घाबरतच विचारलं.

“भयंकर,” ती ओढणीतून म्हणाली आणि त्याला आणखी घट्ट बिलगली.